दादाच्या पाटीवरची चांदी

मुंबईत चार दिवस राहून आले आणि समुद्र पाहिला नाही. परतल्यावर आळीतल्या बायकांनी विचारलं, गेटवे बघितलंस का, चौपाटीवर भेळ खाल्लीस का, एखादा नट तरी दिसला का. मी नाही म्हटलं की त्यांची तोंडं उतरायची. मी गेले ती मुंबई घाटकोपरच्या टेकडीवर सुरू होते, साकीनाक्याच्या धुळीतून अंधेरीच्या कारखान्यांपर्यंत जाते आणि मागे वळून पवईच्या तळ्याशी संपते. तिकडे पाहुण्याला कुणी नेत नाही. आपल्या रत्नागिरीकडची किती तरी माणसं मात्र तिथेच राबतात, म्हणून हे लिहिते आहे.

माझा मोठा भाऊ दत्ताराम त्यांतलाच एक. गिरणी बंद पडल्यावर तो अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, चमचे-वाट्यांना चांदीचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात लागला. गेल्या माघात तो गेला. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, लिव्हर गेलं. महिन्याभराने कारखान्याचं आईच्या नावाने पत्र आलं. टाइप केलेलं, खाली शिक्का. मयत कामगारास मद्यपानाची सवय असल्याचे समजते, असं त्यात होतं. आईने ते वाचलं, घडी घातली आणि पंचांगात ठेवलं. वहिनी नंतर घरी आली तेव्हा आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी परत गेली आणि तिने मला लिहिलं, ‘यांनी कधी थेंब घेतला नाही. माझं आईंना खरं वाटणार नाही. तुला शिकलेली माणसं भेटतात. तू काही तरी पुरावा आण.’

तो पुरावा आणायला मी गेले होते.

आमच्या घरात कागदाला फार मान. बाबा छापखान्यात जुळारी होते. पाठ्यपुस्तकांच्या आधी आमच्या घरात पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती मोर्चाच्या हँडबिलांवर. बाबा गेल्यावर मी लिहू लागले. लाल शाई संपली तर निळ्या शाईत चिडायचे, पण चिडायचे. मुलामा देणाऱ्या कामगारांवरही मी एक पत्रक काढलं होतं, ‘चांदीचं विष’ नावाचं. ते फिरत फिरत पवईला एका संशोधक मुलीच्या हाती पडलं आणि तिचं मला पोस्टकार्ड आलं. चांदी विषारी नसते, तिने लिहिलं होतं, टाकीत काय ओतलं जातं ते बघा. आधी मला राग आला. मग मी तिला दादाची सगळी हकिकत लिहिली. तिचं नाव ॲग्नेस.

असल्फा

वहिनीची खोली असल्फाच्या टेकडीवर, अर्ध्या उंचीला. खाली रस्त्यावर नळ, आणि तिथून बायका डोक्यावर हंडे घेऊन पायऱ्या चढतात. पायऱ्या म्हणजे कुठे दगड, कुठे सिमेंटची गोणी भिजून घट्ट झालेली. आपल्याकडे विहीर परसात असते आणि तरी आपण कुरकुरतो. मी अर्ध्या वाटेत थांबले तशी मागची बाई म्हणाली, “बाजूला हो गं बाय, पाणी जड आहे.”

वर पोचल्यावर मात्र डोळ्यांना मोकळं वाटतं. विमानं इतकी खालून जातात की चाकं दिसतात. पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं, धुरांड्या, आणि दूर हिरव्या झाडीत तळ्याचा एक चकाकता तुकडा.

वहिनी घरी बसून बॉलपेनच्या रिफिलींना टोकं बसवायचं काम करते. मी पोचले तेव्हा तिने ती टोपली खाटेखाली ढकलली आणि पानं घेतली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कोरडं, आणि नारळाची चटणी.

“इथला नारळ बघ,” ती म्हणाली. “आपल्याकडे असला गुरांनाही घालणार नाहीत.”

“तुझी चटणी तीच आहे.”

“ती तशीच आवडायची यांना.”

जेवण होताच मी वही काढली. दादाच्या टाकीत ओतायला नवं रसायन यायचं तो कॅन कुठल्या रंगाचा होता, दादा घरी यायचा तेव्हा कपड्यांना कसला वास यायचा, हात कसे दिसायचे. वहिनी आठवून आठवून सांगत होती, मी लिहीत होते. कॅन लाल, प्लास्टिकचा. त्याच्यावर चिठ्ठी नाही. दिवाळीनंतर आला. त्याचं पाणी टाकीत ओतलं की भांडी आरशासारखी निघायची. दादा गेल्यावर आठवड्याच्या आत टाकी रिकामी करून धुतली आणि लाल कॅन नाहीसे झाले. चौकशीला सरकारी साहेब आला तेव्हा कारखान्याने सांगितलं, नेहमीच्या पाण्याशिवाय इथे काही वापरलंच जात नाही.

राहिली होती फक्त पाटी.

आपल्याकडे घरावर नाव लावायची पद्धत नाही. घर कुणाचं ते गाव सांगतं. टेकडीवर प्रत्येक दाराला पाटी: पत्र्याची, लाकडाची, कुणी खडूनेच लिहिलेलं. दादाने साकीनाक्याच्या एका कारागिराकडून पितळेची पाटी कोरून घेतली होती, ‘दत्ताराम गोविंद साळवी’. आणि ती कारखान्यात नेली. तिथे एक रीत आहे. टाकीत भांडी सोडतात ती सळईला हुकांनी अडकवून. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शेवटचा हुक कामगाराचा. त्याला त्याने घरचं काही अडकवावं, पैंजण, वाटी, देवाची घंटा. त्याला ‘घरचा नग’ म्हणतात. मुकादम त्या वेळी हटकून दुसरीकडे बघतो. दादाने आपला घरचा नग पौषात अडकवला, म्हणजे लाल कॅनचं पाणी टाकीत असतानाच. पाडव्याला दारावर लावायची म्हणून पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पाडव्याआधी तो गेला.

ॲग्नेसला मी हे कळवलं तेव्हा तिचं लगेच उत्तर आलं. ती पाटी आण, तिने लिहिलं होतं. टाकीतल्या पाण्यात जे काही होतं त्यातलं थोडं त्या चांदीवर अजून बसलेलं असेल आणि ते प्रकाशाने ओळखता येईल.

वहिनीने पाटी नव्या पंच्यात बांधून तयार ठेवली होती, वर सुतळी. “तिकडे गेल्यावरच सोड,” ती म्हणाली.

अंधेरी

दुसऱ्या दिवशी वसाहतीत गेले. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना फाटकं, फाटकांवर गुरखे. पावसाळी गटारातून तीन रंगांचं पाणी वाहतं आणि एकमेकांत मिसळत नाही. माझ्या बरोबरीच्या मुली घोळक्याने औषधांच्या कारखान्यात शिरत होत्या. कपाळावरचा घाम पुसायलाही थांबत नव्हत्या. आमच्याकडे कारखाना म्हणजे एखाद-दुसरा, त्याच्या भोंग्यावर गाव जेवतं. इथे भोंगे इतके की कुणाचा कुठला कळत नाही.

दादाच्या टाकीवरचा जोडीदार बाबल. कुडाळकडचा, चाळिशीचा. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आला. मला बघून म्हणाला, “दत्तूची भैन ना तू? नाक तसांच आसा.”

मी लाल कॅनचं विचारलं.

“कॅन इलो तेव्हा दत्तूनच पयलो इचारल्यान, ह्या काय म्हणून. मुकादम म्हणालो, शाम्पू. भांड्यांचो शाम्पू.” बाबल हसला, मग हसणं थांबवलं. “वास कसो, तर कोबी कुसल्यासारखो. दत्तू तोंडाक रुमाल बांधी. आमी त्येची मस्करी करू, नवरी इली म्हणून.”

“आणि दारू?”

“दारू?” त्याने कप खाली ठेवला. “पगाराच्या दिवशी आमी बसाव. तो येय, नुसते शेंगदाणे खाय, आमका शिवी घाली आणि घराक जाय. दारयेचा म्हणशीत तर साफ खोटा.”

मी वही पुढे केली. “एवढं लिहून सही करशील?”

त्याने वहीकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

“माका दोन पोरां हत गो. तुमी पत्रकां वाटतलास आणि एसटीत बसतलास. उद्या आठाक माका त्याच टाकीर उभ्या रवाचा आसा.”

मी त्याला चार शब्द सुनावले. भ्याडपणावर मला एक परिच्छेद पाठच होता. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने माझ्याही चहाचे पैसे दिले आणि आत गेला. त्याच्या नखांभोवतीची कातडी काळीनिळी पडलेली मला तेव्हा दिसली.

पवई

तिसरा दिवस. ॲग्नेस बसथांब्यावर उभी होती, सुती फ्रॉक, खांद्याला झोळी. मी कल्पना केली होती त्यापेक्षा बुटकी आणि बरीच गप्प. तळ्याच्या अंगाला झाडीत त्या संस्थेच्या इमारती आहेत. आवाज म्हणून नाही. मुंबईत इतकी शांत जागा असते याचा मला थोडा रागच आला.

प्रयोगशाळा तळघरात. दोन पडदे ओलांडून जायचं. आतल्या भिंती काळ्या. मधोमध मोठं दगडी टेबल आणि त्यावर लांब नळकांड्यासारखं लेसर.

“लेसर चालू केलं की त्याला सतत थंड पाणी लागतं,” ॲग्नेस म्हणाली आणि तिने नळ सोडला. नळाने खोकल्यासारखा आवाज केला.

“पाणी नाही?”

“तळ्याच्या काठावर आहोत आणि नळाला दाब नाही. तीन वाजता येतो कधी कधी. चल, घरी जेवून येऊ.”

तिचं घर मरोळच्या जुन्या गावठाणात, पवईहून बसने थोड्याच अंतरावर. वसाहतीच्या भिंतीला लागून हे एक गाव अजून तग धरून आहे. कौलारू घरं, लाकडी जिने, कोपऱ्यावर फुलं वाहिलेला क्रूस. ॲग्नेसचे आजोबा इथे भात लावायचे. ती जमीन आता कारखान्यांखाली गेली आहे. तिची आई लुगडं नेसून दारात मिरच्या वाळवत बसली होती.

“बस गो पोरी,” ती मला म्हणाली. “ही काय मासळी खात नाय का, एवढी सुकलेली?”

“खाते हो.”

“मग खा. उपाशी पोटी तिच्या त्या काळोख्या खोलीत जाऊ नको. ही चार वर्सं जाते, बघ कशी झालीय.”

तिने बोंबलाचं कालवण वाढलं, लालभडक, बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला घातलेलं, आणि सोबत तळलेले गोल फुगे. आपल्याकडच्या वड्यासारखे पण आतून पोकळ, किंचित गोडसर. मी चार खाल्ले. दादाच्या मरणाच्या कामाला आले होते आणि मिटक्या मारत जेवत होते.

जेवताना मी ॲग्नेसला विचारलं, तू करतेस ते नेमकं काय? माझ्या वाचकांना सांगावं लागेल. तिने ताटाच्या कडेवर बोट ठेवलं.

“हे बघ. धातूवर प्रकाश पडला की बहुतेक सगळा आहे तसा परत फिरतो. पण धातूला चिकटून एखादा रेणू बसला असेल तर अगदी थोडा प्रकाश रंग किंचित बदलून परत येतो. रेणू सारखा थरथरत असतो. त्या थरथरण्यापुरतं तो प्रकाशातून काढून घेतो. प्रत्येकाची थरथर वेगळी. बदललेला रंग मोजला की कोण बसलंय ते कळतं.”

“इतकं सोपं?”

“सोपं नाही गं. एकाच थरातले रेणू म्हणजे इतके थोडे की ती खूण दिसतच नाही. फक्त चांदीवर, तीही बारीक खडबडीत असेल तर, तीच खूण लाखपट मोठी होऊन येते. का येते, यावर मोठे मोठे लोक अजून भांडतायत. मुलाम्याची चांदी तशीच असते, डोळ्यांना गुळगुळीत, पण आतून दाणेदार. आणि कुसक्या कोबीचा वास म्हणजे गंधक असणार. गंधकवाला रेणू चांदीला धरला की सहज सोडत नाही.”

“म्हणजे सापडेल.”

“सापडला तर तो टाकीत होता एवढंच सिद्ध होईल. त्याने तुझा भाऊ गेला, हे नाही.”

“मला तेवढं पुरे. टाकीत काही नव्हतं हे त्यांचं पहिलं खोटं. ते पडलं की दारूचंही पडेल.”

ॲग्नेसच्या आईने माझ्या पानात आणखी एक फुगा टाकला.

तीन वाजता पाण्याला दाब आला. काळ्या खोलीत मी पंचा सोडला. पाटी अशी झळकली की ॲग्नेसच्या टॉर्चचा गोल छतावर उमटला. दादाचं नाव अक्षर न् अक्षर लखलखत होतं. मला अभिमान वाटला. “बघ,” मी म्हटलं, “चार महिने ट्रंकेत होती. दादाच्या हातचं काम आहे.”

ॲग्नेस जरा वेळ पाटीकडे बघत राहिली.

“अशीच होती ही?”

“हो.”

“हात लावू नका, पुसू नका, हे कळवलं होतंस ना?”

“हो,” मी म्हटलं, आणि माझी तशी खात्री होती.

तिने पाटी चिमट्यात बसवली. लेसर सुरू झालं. हिरवा रंग इतका शुद्ध मी कधी पाहिला नव्हता. भातखाचरांत नाही, समुद्रात नाही. तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होऊन ‘दत्ताराम’मधल्या ‘द’च्या पोटात बसला. बाजूला एक यंत्र आलेखाचा कागद पुढे सरकवत होतं आणि त्यावर एक पेन हळूहळू रेघ ओढत होतं. एका फेरीला तासभर लागतो. आम्ही स्टुलांवर बसून त्या पेनाकडे बघत होतो. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवला होता, ‘चांदीने साक्ष दिली’. खाली ते नाव, त्या रेणूचं, मोठ्या टायपात.

बराच वेळ रेघ सपाट होती. मग पेन वर चढू लागलं. मी ॲग्नेसचा हात धरला. रेघ चढली, एक रुंद टेकाड झालं, उतरली, आणि लगेच दुसरं टेकाड.

“आलं,” मी म्हटलं.

ॲग्नेसने रेघ पुढे जाऊ दिली. एका ठिकाणी बोट ठेवून ती थांबली. तिथे रेघ सपाटच होती. तिने ठिपका हलवून ‘साळवी’वर नेला, पुन्हा तासभर. मग पाटीच्या मागच्या बाजूवर. तिन्ही वेळा तीच दोन टेकाडं.

“ही टेकाडं कोणाची?” मी विचारलं.

“कार्बनची. काजळी, कोळसा, असलं काही.” तिने सपाट जागा दाखवली. “चांदीचं पाणी सायनाइडचं असतं. दुसरं काही नाही तरी त्याची खूण इथे उभी राहायलाच हवी होती. तीही गेलीय. वरचा थरच नाही, शैला. कुणी तरी घासलीय ही. कोळशासारख्या कशाने तरी. आणि मनापासून घासलीय, मागूनसुद्धा.”

मी पाटीवर वाकले.

“खालच्या थरात?”

“असेलही काही अडकलेलं. माझ्या प्रकाशाला फक्त वरचं दिसतं. वरचं खरवडून खालचं काढलं तर तेही बिघडणार. मी काहीच खात्रीने म्हणू शकणार नाही.” तिने आलेखाचा कागद फाडून गुंडाळी केली. “हवा तर घेऊन जा. पण यावर माझं नाव घालून काही छापू नकोस.”

बसथांब्यापर्यंत ती सोबत आली. बस येईपर्यंत आम्ही दोघी तळ्याकडे बघत उभ्या होतो. पाण्यात एक माणूस गळ टाकून कमरेएवढा उभा होता. बस आली तेव्हा ॲग्नेस म्हणाली, “मला वाईट वाटतं गं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचाही राग आला, का ते ठाऊक नाही.

पुन्हा असल्फा

वहिनी दारातच उभी होती. तिने आधी पंचा हातात घेतला, सोडला, पाटीला काही झालं नाही ना ते पाहिलं.

“चमकत होती ना?” ती म्हणाली. “तुझं पत्र आलं त्याच दिवशी काढली. काळवंडली होती गं पार. इथली हवाच तशी. यांचं नाव एवढ्या मोठ्या माणसांसमोर जाणार, आणि असं कळकट? राखुंडीने घासली. दोनदा. मग रिठ्याचं पाणी.”

राखुंडी म्हणजे दात घासायची काळी पूड. तीच ती दोन टेकाडं.

“माझं पत्र कुठंय?” मी विचारलं.

तिने ते डब्यातून काढून दिलं. सहा पानं, दोन्ही बाजूंनी. मी सगळं वाचलं. भांडवल काय करतं, कायदा कुणाच्या बाजूने झोपतो, ही पाटी म्हणजे मेलेल्या कामगाराची जिवंत साक्ष कशी आहे. ‘शोषण’ हा शब्द अकरा वेळा होता. पाटीला हात लावू नकोस, हे एकदाही नव्हतं. ॲग्नेसने मला ते खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं आणि माझ्या आवेशात माझ्या हातून ते राहून गेलं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. “मग? निघालं का काही?”

मी खोटं बोलू नये असं मानून वाढलेली आहे. मालक खोटं बोलतात, सरकार बोलतं, आम्ही नाही. पण ती समोर उभी होती, आणि पाटी ती पदराच्या टोकाने अजून पुसत होती.

“नाही निघालं,” मी म्हटलं. “चांदी इतकं जुनं धरून ठेवत नाही, म्हणाली ती.”

“चार महिनेसुद्धा नाही?”

“नाही.”

वहिनी खाली बसली. बराच वेळ तिने रिफिलींची टोपली पुढे ओढली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आईंच्या मनात तेच राहणार.”

वहिनी हे वाचेल. हा अंक तिच्याकडे जातो. म्हणून इथे स्पष्ट लिहिते, वहिनी: चांदीने धरून ठेवलं असतं. चूक तुझ्या राखुंडीची नाही, माझ्या पत्राची आहे. हे तुला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

निघायच्या सकाळी बाबल टेकडी चढून आला. कामावर जायच्या आधी, डबा हातात. सही द्यायला नव्हे, निकाल विचारायला. मी आलेख उलगडून दाखवला. तो त्याने उभा धरला, आडवा धरला.

“लिवन टाक सापडला म्हणून,” तो म्हणाला. “ह्यो कागद छाप. कोणाक कळतला ह्ये डोंगर कसले ते? ते खोटा बोलले, तू एकदा बोल.”

“आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला वाचायला दिला तर?”

“तवर दत्तूचा नाव साफ झाला आसतला.”

वहिनी स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती. तिने वळून पाहिलं नाही, पण हात थांबले होते. पत्रक छापायला दोन दिवस लागले असते. मथळा तयार होता. मी गुंडाळी परत पिशवीत घातली. बाबल म्हणाला, “बरां तर मग,” आणि टाकीवर उभा राहायला गेला. जाताना मी त्याला काहीच सुनावलं नाही.

घर

मी पोचले तेव्हा आई मागच्या पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडत होती. हात कोपरापर्यंत लाल. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. कॅन, बाबल, हिरवा ठिपका, दोन टेकाडं, राखुंडी, माझं पत्र. काही लपवलं नाही. आलेख उलगडून दाखवला. तिने हात ओले म्हणून तो घेतला नाही, मान वाकडी करून पाहिला.

“म्हणजे माझ्याकडे कागद नाही, आई,” मी म्हटलं. “पण दादा पीत नव्हता. माझ्यावर विश्वास ठेव.”

“ते सांगायला तू मुंबईला गेली होतीस?” आई म्हणाली. “मला विचारायचंस. त्याला मी वाढवलाय.”

मी म्हटलं, “ते कारखान्याचं पत्र तू पंचांगात जपून ठेवलंस.”

“त्याच्यावर त्याचं नाव आहे.”

“मग वहिनीशी का बोलली नाहीस?”

तिने एक रातांबा फोडला, बिया एकीकडे टाकल्या, साल दुसरीकडे.

“अकरा दिवस पडला होता तो हॉस्पिटलात. मला तार आली ती तो गेल्यावर. का, ते मला कुणी सांगितलं नाही. त्याने नको म्हटलं असेल, त्याचा स्वभावच तसा. पण मग त्याने मागितलं काय? माझं नाव काढलं का? दुखत होतं का फार? ती समोर बसून होती आणि मला विचारायची भीती वाटली.” ती माझ्याकडे पाहायला लागली. “तू चार दिवस तिच्याजवळ होतीस. तू विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. माझ्या वहीत कॅनचा रंग होता, पाण्याचा वास होता, हुकांची संख्या होती. वहिनी त्या अकरा दिवसांत त्याच्या उशाशी होती आणि मी तिला त्यातला एक दिवसही विचारला नव्हता.

आईने मनगटाने डोळे पुसले. गालावर लाल फराटा उठला.

“अंतर्देशीय आण एक,” ती म्हणाली. “मी सांगते ते लिही. तुझं काही घालू नकोस.”

मी आणलं, पाटावर ठेवून लिहायला बसले. वहिनीला, सुलभाला अनेक आशीर्वाद, असं लिहून झालं तरी आई रातांबे फोडतच राहिली. पुढ्यातला ढीग संपत आला.

“लिही,” ती म्हणाली. “दत्ता शेवटी काय जेवला ते कळव. जेवला नसेल तरी कळव.”